‘डिलीट’चं बटण कोणाच्या हातात?

(अकोल्याच्या जुने शहर भागात युवकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल की आज संगणकाचा तास आहे. तसं नाही. सोशल मीडियावर कोणती पोस्ट राहील आणि कोणती हटेल, हे ठरवण्याच्या कामाला ‘मॉडरेशन’ म्हणतात. हे काम आज बहुतांशी यंत्र करतं. ते यंत्र कोणाच्या सांगण्यावरून चालतं, ते चुकलं तर जाब कोणाला विचारायचा आणि आपल्या हातात काय उरतं, एवढंच आज बोलायचं आहे. मोर्णेच्या या काठावर राहणाऱ्यांना या प्रश्नाचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

१३ मे २०२३, शनिवारची रात्र. इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून जुन्या शहरात दोन जमाव समोरासमोर आले. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. एका माणसाचा जीव गेला. ज्याचा जीव गेला, त्याने ती पोस्ट लिहिली नव्हती. मग १४४ कलम लागलं, इंटरनेट बंद झालं, शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. त्या रात्रीचं एक प्रकरण तर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका अल्पवयीन मुलावरच्या हल्ल्याची तक्रार पोलिसांनी नोंदवलीच नाही, असं ते गाऱ्हाणं होतं. न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायचा आदेश दिला. पोस्ट लिहायला एखादं मिनिट लागलं असेल. तिचा हिशेब अजून चालू आहे.

आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. जून २०१४ मध्ये फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रं फिरली. त्यानंतरच्या तणावात पुण्याच्या हडपसरमध्ये आयटी कंपनीत काम करणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका मुस्लिम तरुणाला जमावाने मारलं. त्याचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षुकांना ठेचून मारलं. ती अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये घटना त्रिपुरातल्या होत्या, पण दुकानं फुटली आपल्या शेजारी, अमरावतीत. तिथेही संचारबंदी आली आणि इंटरनेट बंद झालं.

मरणारे वेगवेगळ्या धर्मांचे, जातींचे होते. सारखेपणा एवढाच की ज्या पोस्टवरून हे घडलं, त्या पोस्टशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

दोनच उपाय

अशा वेळी आपल्याकडे दोनच उपाय होतात. एक, सगळ्यांचं इंटरनेट बंद करणं. दोन, एखाद्याला उचलणं.

इंटरनेट बंद केलं की अफवा थांबते, असं म्हणतात. पण अफवेबरोबर ‘ही अफवा खोटी आहे’ हे सांगणारा मेसेजही थांबतो. दुकानदाराचं क्यूआर कोडवरचं पेमेंट थांबतं, परीक्षेचा फॉर्म राहतो, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीला घरच्यांची खबर मिळत नाही. एका पोस्टसाठी अख्ख्या शहराचं तोंड बांधायचं, असा हा उपाय आहे.

दुसऱ्या उपायाची गोष्ट पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर साधा प्रश्न विचारला, दुसरीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. म्हणजे ‘उचला’ हा उपाय कोणावर उलटेल, याचा भरवसा नाही. तो अल्पसंख्याकांवर आधी उलटतो, हा आपला अनुभव आहेच.

मग तिसरा उपाय हवा. आग लावणारी पोस्ट वेळेवर थांबावी, निष्पाप पोस्ट उगाच जाऊ नये आणि चूक झाली तर दाद मागता यावी. चांगल्या मॉडरेशनची अपेक्षा एवढीच असते. ते यंत्राकडून होईल का?

यंत्राला काय जमतं

यंत्राची कामं तीन प्रकारची असतात. तिघांना एकाच मापाने मोजू नका.

पहिलं काम जुळवणीचं. एखादं चित्र गुन्हा आहे हे माणसांनी आधीच ठरवलेलं असतं. त्या चित्राचा एक ठसा, बोटाच्या ठशासारखा, यंत्राकडे ठेवलेला असतो. तेच चित्र कोणी पुन्हा टाकलं की यंत्र ओळखतं. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं अशीच पकडली जातात. हे काम यंत्रानेच करावं. माणसाला ते रोज बघायला लावणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

दुसरं काम वेग कमी करण्याचं. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये जे मेसेज फार वेळा फॉरवर्ड झालेत, त्यांच्यासाठी ती एकावर आणली. यात यंत्र तुमचा मेसेज वाचत नाही. कोण बरोबर, कोण चूक हेही ठरवत नाही. फक्त हात थोडा जड करतं. मला हा उपाय सगळ्यांत कमी धोक्याचा वाटतो.

तिसरं काम अंदाजाचं. हे वाक्य द्वेषाचं आहे की नाही? हजारो नमुने बघून यंत्र टक्केवारीत अंदाज बांधतं आणि त्यावर पोस्ट जाते किंवा राहते. सगळी गडबड इथे आहे.

‘शहीद’ हा शब्द घ्या. जवान सीमेवर गेला की मराठी वर्तमानपत्रात ‘शहीद’ छापतात. स्वातंत्र्यलढ्यातल्या भगतसिंगांना आपण शहीद म्हणतो. मेटा कंपनीकडे मात्र धोकादायक व्यक्तींची एक यादी होती. त्या यादीतल्या कोणाच्या संदर्भात हा शब्द आला, की ती स्तुती समजून पोस्ट काढली जायची, मग ती बातमी असो, टीका असो की साधी चर्चा. मेटाच्याच स्वतंत्र देखरेख मंडळाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं, की मेटाच्या माध्यमांवर इतर कुठल्याही एका शब्दापेक्षा या शब्दापायी बहुधा जास्त मजकूर काढला गेला असेल आणि हा सरसकट नियम बंद करावा. त्यानंतर कंपनीने धोरण बदलायचं मान्य केलं. जगभरातले कोट्यवधी लोक रोज वापरतात त्या शब्दाचे अनेक अर्थ आहेत, हे मान्य व्हायला किती वर्षं लागली बघा.

दुसरी गोष्ट २०१९ ची. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांच्या ट्विटर खात्यावर एक जुना फोटो होता. १९३६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या गोदीत सगळे हात उंचावून नाझी सलामी देताहेत आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणाऱ्याचा तो फोटो. ट्विटरने तो द्वेषाचं चित्र ठरवला आणि खातं बंद केलं.

हे झालं निष्पाप पोस्ट जाण्याचं. आता उलटी बाजू. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यात कंपनीच्याच लोकांनी लिहून ठेवलं होतं, की हिंदी आणि बंगालीसाठी पुरेशी यंत्रणा नसल्याने मुस्लिमविरोधी मजकूर बराचसा पकडलाच जात नाही. हिंदीची ही गत. मग मराठीची काय असेल? आणि रोमन लिपीत लिहिलेल्या वऱ्हाडीची? आपल्या गल्लीत एकाच वाक्यात वऱ्हाडी, उर्दू आणि हिंदी येते, तिची?

‘पंक्चर’ हा शब्द घ्या. टायरचं पंक्चर काढणं हे कष्टाचं, इमानाचं काम. पण कोणी तुमच्या पोस्टखाली नुसतं ‘पंक्चर’ एवढं लिहिलं, तर तो काय म्हणतोय हे तुम्हाला लगेच कळतं. यंत्राला तिथे सायकलचं दुकान दिसतं. याउलट एखादा मित्र उन्हातून आला आणि त्याने लिहिलं, ‘मारून टाकलं बे या उन्हानं’, तर यंत्राला तिथे खून दिसू शकतो.

आणि खरं बोलायचं तर असे शब्द एकाच बाजूला नाहीत. आपल्याही पोरांच्या तोंडी ‘गोमूत्र’ हा शब्द कशासाठी येतो, ते आपल्याला माहीत आहे. तोही यंत्राला कळत नाही. तो आपल्याला खटकतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे मी नंतर येतो.

भाषेचं हे काम कोणी केलंच नाही असं मात्र नाही. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब या गटातल्या तरुणांनी २०२२ मध्ये ‘महाहेट’ नावाचा संच प्रसिद्ध केला. पंचवीस हजारांहून जास्त मराठी ट्वीट माणसांनी वाचली आणि द्वेषाची, अपमानाची, शिवराळ आणि निर्दोष अशी चार गटांत लावली. अशा संचावरच यंत्र शिकतं. म्हणजे यंत्राच्या आधी माणूस असतो. तो टेबलाजवळ बसून ‘हे द्वेषाचं, हे नाही’ असं ठरवतो. त्या टेबलाभोवती कोण बसलंय आणि तिथे आपलं कोणी आहे का, हे बघायला हवं.

मैत्रिणींसाठी आणखी एक उदाहरण. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. त्याआधी जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ झालं होतं. पहिल्या वेळी यंत्राने काही शिकलं असतं, तर सहा महिन्यांनी दुसरं आलंच नसतं. ते उघडकीला आणलं त्या महिलांनीच. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनींनी आवाज उठवला, तक्रारी केल्या आणि मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटका केल्या. म्हणजे ज्याला झळ लागते, त्यालाच आधी कळतं. मग ठरवण्याच्या जागी त्याला स्थान का नसावं?

नंबर तोच, कंपनी दुसरी

आता विकेंद्रित माध्यमांकडे येऊ. हेगडे यांचं खातं बंद झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातले बरेच लोक ट्विटर सोडून ‘मॅस्टोडॉन’वर गेले. तेव्हा पहिल्यांदा अनेकांनी हे नाव ऐकलं.

मॅस्टोडॉन जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ मध्ये सुरू केलं. त्याला एक मालक नाही. हजारो छोटे सर्व्हर आहेत. कोणी विद्यापीठाने चालवलेला, कोणी मित्रांनी वर्गणी काढून. प्रत्येकाचे नियम वेगळे, नियम राबवणारी माणसंही वेगळी. तरी एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो, जसं एका कंपनीचं सिम असलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लावतो.

सिमवरून आठवलं. जानेवारी २०११ पासून देशभर आपल्याला नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्याआधी कंपनी कितीही त्रास देवो, नंबर जाईल म्हणून माणूस गप्प बसायचा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर आज आपण २०११ च्या आधीच्या जगात आहोत. सोडून जायचं तर फोटो, ओळखी, गिऱ्हाईकं सगळं मागे राहतं. भारतीय भाषांसाठी निघालेलं ‘कू’ आठवत असेल. मराठीतही होतं. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं आणि तिथे जमवलेला गोतावळा संपला. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना तुमचे फॉलोअर तुमच्याबरोबर येतात. जुन्या पोस्ट येत नाहीत, हे खरं. पण माणसं येतात.

‘ब्लूस्काय’ने मार्च २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. तिथे कंपनीचं स्वतःचं मॉडरेशन आहेच, पण त्यावर कोणीही आपली चिठ्ठी लावणारी सेवा सुरू करू शकतं. समजा, एखाद्या गटाने ठरवलं की मराठीतल्या जातीय आणि धार्मिक शिव्या ओळखून त्या पोस्टवर तशी चिठ्ठी लावायची. तुम्ही त्या गटाची सेवा निवडली, तर तुमच्या फोनवर अशी पोस्ट लपवायची, इशारा देऊन दाखवायची की तशीच दाखवायची, हे तुम्ही ठरवता. तुमच्या शेजाऱ्याला ती चिठ्ठी नको असेल, तर तो घेणार नाही. पोस्ट जगातून नाहीशी होत नाही, पण तुमच्या डोळ्यांसमोर काय यावं यावर तुमचा ताबा राहतो. यात यंत्र वापरता येतं, पण ते त्या गटाच्या सांगण्यावरून चालतं आणि तो गट कोण आहे हे उघड असतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ब्लूस्कायवर ‘ब्लॅकस्काय’ उभं केलं आहे. रूडी फ्रेझर नावाच्या तंत्रज्ञाने २०२३ मध्ये ते सुरू केलं. आपल्या लोकांच्या पोस्ट एका जागी दिसाव्यात आणि वंशद्वेषी मजकूर आपल्या लोकांनीच ओळखून बाजूला काढावा, अशी ती व्यवस्था. त्यांना कोणत्या शब्दात काय विष आहे, हे कंपनीला समजावत बसावं लागत नाही.

पण ही जन्नत नाही

कोणी म्हणेल, चला, सगळे मॅस्टोडॉनवर जाऊ, प्रश्न संपला. थांबा.

ज्या तंत्राने आपण सर्व्हर काढू शकतो, त्याच तंत्राने द्वेष पसरवणारेही काढतात. अतिउजव्यांचं ‘गॅब’ हे माध्यम जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्याच प्रणालीवर आलं. प्रणाली खुली असल्याने कोणी त्यांना अडवू शकलं नाही. मग बहुतेक सर्व्हरांनी आपापली दारं त्यांच्यासाठी बंद केली. गॅब राहिलं, पण एकटं पडलं. म्हणजे विकेंद्रित जगात वाईट गोष्ट पुसून टाकता येत नाही, तिच्याशी संबंध तोडता येतो. त्याने तुमच्या मनाला शांती मिळेल. पण दुसऱ्या भिंतीआड कोणी तुमच्या मोहल्ल्याविरुद्ध कट करत असेल, तर तुम्हाला ते दिसणारही नाही. ‘मला दिसत नाही’ म्हणजे ‘मी सुरक्षित आहे’ असं नसतं.

दुसरं, छोट्या सर्व्हरकडे माणूसबळ नसतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मॅस्टोडॉनचे काही सर्व्हर दोन दिवस तपासले, तेव्हा मुलांच्या शोषणाच्या आधीच ओळखलेल्या मजकुराचे ११२ नमुने सापडले. मघाशी मी जुळवणीचं यंत्र म्हणालो, ते तिथे अनेकांनी बसवलेलंच नव्हतं. त्यामुळे ‘यंत्र नको, माणूस हवा’ असं सरसकट म्हणणंही चूक आहे.

तिसरं, सर्व्हर चालवणारा थकतो. ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’ नावाचा हजारो सदस्यांचा सर्व्हर चालवणाऱ्या माणसाने भांडणांना आणि शिवीगाळीला कंटाळून २०२३ मध्ये तो बंद केला. लोकांना दुसरीकडे जाता आलं हे खरं, पण फुकट सेवा करणाऱ्यावर सगळं सोडलं की असं होतं. आणि तो सर्व्हरचा मालक तुमचे खासगी मेसेज तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

चौथं, सरकार. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या सांगण्यावरून ब्लूस्कायने काही खाती त्या देशातल्या लोकांपासून लपवली. आपल्याकडे कलम ६९अ खाली मजकूर बंद करण्याचे आदेश निघतात आणि ते गोपनीय ठेवण्याची तरतूद २००९ च्या नियमांतच आहे. तंत्र विकेंद्रित झालं, तरी सत्ता आपोआप विकेंद्रित होत नाही.

आणि पाचवं, सगळ्यांत साधं. आपले अम्मी-अब्बू, मामा, मशिदीतले चाचा, कॉलेजचे मित्र, कोणीही मॅस्टोडॉनवर नाही. सगळे व्हॉट्सॲपवर आहेत.

आपला सर्व्हर आपल्या खिशात आहे

व्हॉट्सॲप ही एका कंपनीची मालमत्ता आहे, ते विकेंद्रित नाही. पण मॉडरेशनच्या बाबतीत त्याचा प्रत्येक ग्रुप हा एक छोटा सर्व्हरच आहे. मेसेज कूटबद्ध असल्याने कंपनी तो वाचून काढून टाकू शकत नाही. कोणी रिपोर्ट केलं, तरच शेवटचे काही मेसेज तिच्याकडे जातात. ग्रुपमध्ये कोण राहील हे ॲडमिन ठरवतो. २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीटही करता येतो. म्हणजे ज्या सत्तेबद्दल आपण एवढा वेळ बोलतोय, ती या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या खिशात आधीच आहे.

तिचा कायदा आपल्याच विदर्भात ठरला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपमध्ये एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दाखवता येत नसेल, तर सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

निकाल मला योग्य वाटतो. नाहीतर प्रत्येक ॲडमिन भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करत बसेल. पण त्या महिलेच्या जागी उभं राहून बघा. ॲडमिन सुटला. तिचं काय? कायदा जिथे थांबतो, तिथे आपली जबाबदारी संपत नाही. उलट तिथूनच ती सुरू होते.

आपल्या परंपरेत याचं एक जुनं शास्त्र आहे. हदीस जमवणाऱ्यांनी नुसता मजकूर लिहून घेतला नाही. हे कोणी कोणाकडून ऐकलं, त्याने कोणाकडून, तो माणूस भरवशाचा होता का, याची साखळी तपासली. साखळीतला एक रावी कच्चा निघाला, तर रिवायत कमजोर ठरवली. एवढं शास्त्र ज्यांच्या घरात आहे, त्यांनी ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असं लिहून आलेला मेसेज रावी न विचारता पुढे पाठवावा, याला काय म्हणायचं?

मग करायचं काय

मी पाच कामं सांगतो. पैसे लागत नाहीत, इंजिनियर असावं लागत नाही.

पहिलं, प्रत्येक ग्रुपचे नियम लिहा. चार ओळी पुरेत. काय चालणार नाही, चूक झाली तर आधी समज, मग बाहेर. आणि हे ठरवायला एकटा ॲडमिन नको. तिघे असू द्या, त्यात एक तरी मुलगी असू द्या. मेसेज काढला तर का काढला ते ग्रुपमध्ये सांगा. ज्याचा काढला, त्याला बोलू द्या. कंपनीने आपल्याशी जसं वागावं असं आपण म्हणतो, तसं आधी आपण वागून दाखवू.

दुसरं, नियम आपल्या लोकांनाही लावा. मघाशी ‘गोमूत्र’ म्हणालो ते याचसाठी. जो गट समोरच्याचाच द्वेष पकडतो आणि स्वतःचा सोडून देतो, त्याच्या चिठ्ठीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. नाराजी ओढवून घेऊन आपल्याच मित्राचा मेसेज काढणं हे अवघड काम आहे. १३ मेच्या रात्री दोन्ही बाजूंना असे दहा-दहा ॲडमिन असते, तर काय झालं असतं, याचा विचार करा.

तिसरं, रिपोर्ट करा आणि पाठपुरावा करा. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं उत्तर पटलं नाही, तर २०२३ पासून सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समित्यांकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही. या समित्या सरकारनेच नेमलेल्या आहेत, ही त्यांची मर्यादा मला दिसते. तरी दार आहे तोवर ठोठवावं. तक्रारीत त्या शब्दाचा आपल्या भागात काय अर्थ होतो, हे दोन ओळींत लिहा. समोरच्याला ते माहीत नसतं.

चौथं, पुरावा जपा, पण फिरवू नका. द्वेषाची पोस्ट दिसली की आपण रागाने तिचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवतो. ज्याला पसरवायचं होतं, त्याचं काम आपण फुकट करतो. स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि वेळ लिहून ठेवा, सायबर पोलिसांकडे द्या. ग्रुपमध्ये टाकू नका.

पाचवं काम लांब पल्ल्याचं आहे. आपल्या भाषेचा संच तयार करा. जुन्या शहरातली उर्दू, वऱ्हाडी, मराठी यांची सरमिसळ जाणणारी पाच-सात मुलंमुली आठवड्यातून एक तास बसली, तर वर्षभरात काही हजार वाक्यं लावून होतील. हे द्वेषाचं, हे नुसतं रागाचं, ही थट्टा, ही बातमी. त्यात हिंदू, बौद्ध मित्रमैत्रिणी असल्याच पाहिजेत. एकाला जी थट्टा वाटते ती दुसऱ्याला कुठे लागते, हे त्याशिवाय कळणार नाही. नाव-गाव काढून टाका, कोणाची खासगी माहिती ठेवू नका. उद्या ब्लूस्कायवर मराठी चिठ्ठ्यांची सेवा काढायची असेल, किंवा एखाद्या कंपनीला ‘तुमचं यंत्र इथे चुकतंय’ हे दाखवून द्यायचं असेल, तर हातात काहीतरी असेल.

वापरणाऱ्याची सत्ता म्हणजे काय, हे तीन गोष्टींवरून ओळखा. माझी पोस्ट का हटवली हे मला कळतं का? त्याविरुद्ध मला दाद मागता येते का? पटलं नाही तर माझी माणसं न गमावता मला निघून जाता येतं का? फेसबुक असो, मॅस्टोडॉन असो, सरकारचं पोर्टल असो की तुमच्या क्रिकेट टीमचा ग्रुप असो, हेच तीन प्रश्न विचारा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या ग्रुपपुरती आज रात्रीच ‘हो’ करता येतील. तिसऱ्यासाठी कायदा आणि तंत्र दोन्ही बदलावं लागेल. ती मागणी लावून धरायला आपल्याला इतरांबरोबर उभं राहावं लागेल.

वेळ बराच झाला. तुमच्यात जे ॲडमिन आहेत, त्यांनी जाण्याआधी पुढे येऊन बसावं. ग्रुपच्या नियमांच्या त्या चार ओळी आपण आत्ताच लिहायला घेऊ. बाकीच्यांचे प्रश्न असतील, ते आधी घेऊ.